सेठ गोविंददास : रंगमंचाविना घडलेला नाटककार

जबलपूर : नर्मदेच्या सान्निध्यातील या शहरात सेठ गोविंददास यांचे नाव आजही प्रामुख्याने राजकारणाच्या संदर्भात घेतले जाते. स्वातंत्र्यलढ्यातील कारावास, संविधान सभेत हिंदीसाठी दिलेला लढा आणि पहिल्या लोकसभेपासून मृत्यूपर्यंत अखंड राहिलेले संसद सदस्यत्व, एवढाच त्यांचा परिचय सर्वसामान्यांना असतो. याच गृहस्थाने एकांकिका धरून शंभराहून अधिक नाटके लिहिली, पौराणिक कथेपासून एकपात्री प्रयोगापर्यंत नाट्यलेखनाचे बहुतेक प्रकार हाताळले आणि त्यांतील महत्त्वाचा भाग कारागृहात सिद्ध केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ही नाटके वाचली गेली, अभ्यासक्रमांत लागली, त्यांच्यावर प्रबंध लिहिले गेले. पण ती खेळली गेली फार थोडी. नाटककाराला रंगमंच लाभला नाही तर त्याच्या लेखणीचे काय होते, या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण म्हणून गोविंददासांच्या जीवनाकडे पाहता येते.

गोविंददासांचा जन्म १६ ऑक्टोबर १८९६ रोजी जबलपूर येथे झाला. योगायोग असा की, अमेरिकन रंगभूमीला आधुनिक वळण देणारे नाटककार युजीन ओ'नील यांची जन्मतारीखही १६ ऑक्टोबरच; वर्ष मात्र १८८८. दोघांची पहिली नाटके एकाच सुमारास पुढे आली. १९१६ च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन या किनारी गावातील धक्क्यावरच्या एका जुन्या मासळीगोदामात ओ'नील यांचे पहिले नाटक हौशी कलावंतांनी सादर केले. १९१७ मध्ये जबलपूरच्या या तरुणाने 'विश्वप्रेम' हे आपले पहिले नाटक लिहिले. ओ'नील यांचे वडील व्यावसायिक नट होते आणि पुढे नाटककाराच्या पाठीशी एक जिवंत नाट्यसंस्था उभी राहिली. गोविंददासांच्या वाट्याला आली ती राजवाड्यासारखी हवेली आणि पुढे तुरुंगाची कोठडी.

वैभवशाली घराण्याचा वारसा

गोविंददासांचे घराणे मूळचे राजस्थानातील जैसलमेरचे. माहेश्वरी समाजातील हे मालपाणी कुटुंब व्यापाराच्या निमित्ताने जबलपूरला आले आणि सावकारी, जमीनदारी व व्यापार यांच्या बळावर मध्य प्रांतातील अग्रगण्य धनिक घराण्यांत गणले जाऊ लागले. सेवाराम खुशालचंद ही त्यांची पेढी दूरवर प्रसिद्ध होती. आजोबा गोकुळदास यांना इंग्रज सरकारने राजा हा किताब दिला. शहराच्या पाणीपुरवठा योजनेला त्यांनी केलेले अर्थसाहाय्य आणि रेल्वे स्थानकाजवळची त्यांच्या नावाची धर्मशाळा जबलपूरकरांना अजूनही ठाऊक आहे. वडील जीवनदास दिवाण बहादूर होते. राजनिष्ठा हा या घराण्याच्या प्रतिष्ठेचा पाया होता.

अशा घरातील मुलाला शाळेत पाठविण्याची प्रथा नव्हती. हिंदी, संस्कृत आणि इंग्रजी यांचे शिक्षण घरीच नेमलेल्या शिक्षकांकडून झाले. कुटुंब वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाचे अनुयायी होते. या संप्रदायात देवाची सेवा म्हणजे ऋतुमानानुसार बदलणारा शृंगार, पदगायन आणि उत्सवांची अखंड मालिका. रूप, संगीत आणि प्रसंग यांचा असा मेळ रोज पाहत वाढलेल्या मुलाला नाट्याची ओढ लागावी, यात नवल नव्हते. किशोरवयात देवकीनंदन खत्री यांच्या तिलस्मी कादंबऱ्यांनी हिंदी वाचकांना वेड लावले होते. त्याच प्रभावाखाली गोविंददासांनी 'चंपावती', 'कृष्णलता' आणि 'सोमलता' या कादंबऱ्या लिहिल्या. पुढे शेक्सपिअर, इब्सेन आणि शॉ यांच्या वाचनाने त्यांची दृष्टी बदलली आणि नाटक हेच त्यांचे मुख्य माध्यम ठरले.

विशीत असतानाच त्यांनी जबलपूरमध्ये हिंदी साहित्यासाठी संस्था उभारण्याचे काम हाती घेतले. शारदा भवन हे ग्रंथालय, राष्ट्रीय हिंदी मंदिर ही संस्था आणि 'श्रीशारदा' हे मासिक ही त्या काळातील फलिते होत. 'विश्वप्रेम' या नाटकाचा प्रयोगही याच वातावरणात, स्थानिक हौशी मंडळींच्या उत्साहातून झाला. एखाद्या धनिकपुत्राचा साहित्यिक छंद म्हणून हे सारे चालू राहिले असते, तर त्याला कोणाची हरकत नव्हती.

असहकार आणि त्याग

१९२० मध्ये महात्मा गांधींच्या असहकार आंदोलनाने हे स्थैर्य मोडले. काँग्रेसचे ज्या अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झाले, ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रांताच्या राजधानीत, नागपूरला भरले होते. राजा किताबाच्या घरातील मुलगा खादी घालून सभांमधून बोलू लागला, तेव्हा घरातील आणि सरकारदरबारातील दोन्ही बाजू अस्वस्थ झाल्या. १९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरच्या टाउन हॉलवर तिरंगी झेंडा फडकविण्याचा प्रश्न निर्माण झाला आणि त्यातून झेंडा सत्याग्रहाची ठिणगी पडली. हेच आंदोलन पुढे नागपूरला जाऊन देशव्यापी झाले, हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. त्याच वर्षी गोविंददास स्वराज्य पक्षातर्फे केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले. त्यानंतर ते कौन्सिल ऑफ स्टेटचेही सदस्य झाले. महाकोशल प्रांतिक काँग्रेसच्या नेतृत्वात रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाऊ लागले.

१९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना अटक झाली. त्यानंतर १९३२ चे आंदोलन, १९४० चा वैयक्तिक सत्याग्रह आणि १९४२ ची चळवळ अशा प्रत्येक टप्प्यावर ते कारागृहात गेले. त्यांच्या आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात गेली. या संघर्षात एक निर्णय त्यांच्या पुढील जीवनाला आणि लेखनाला आकार देणारा ठरला. वडिलोपार्जित मालमत्तेवरील आपला हक्क त्यांनी सोडून दिला. राजनिष्ठ पिता आणि बंडखोर पुत्र यांच्यातील हा ताण केवळ संपत्तीपुरता नव्हता. पुष्टिमार्गी घरात पितृआज्ञा हा धर्म मानला जाई. त्या धर्माविरुद्ध दुसरा धर्म उभा राहिला, तेव्हा त्यांतील मोठा कोणता, हा पेच गोविंददासांनी स्वतः भोगला होता. त्यांच्या प्रमुख नाटकांतून हाच पेच निरनिराळ्या वेषांत पुन्हा पुन्हा समोर येतो.

कारागृहातील लेखणी

१९३० मध्ये दमोहच्या तुरुंगात गोविंददासांच्या नाट्यलेखनाचे दुसरे आणि खरे पर्व सुरू झाले. बाहेरच्या जगात सभा, दौरे आणि बैठका यांतून सवड मिळत नव्हती. कारागृहात वेळ होता, एकांत होता आणि मनात साचलेले प्रश्न होते. 'कर्तव्य', 'हर्ष' आणि 'प्रकाश' ही या पर्वातील नाटके पुढे 'तीन नाटक' या नावाने एकत्र प्रसिद्ध झाली आणि हिंदी समीक्षेने त्यांची दखल घेतली. याच परंपरेत त्यांचे सहकारी द्वारकाप्रसाद मिश्र यांनी १९४२ नंतरच्या कारावासात 'कृष्णायन' हे अवधी महाकाव्य रचले. मध्य प्रांतातील राजकीय कैद्यांच्या या साहित्यनिर्मितीचा स्वतंत्र अभ्यास व्हावा इतके तिचे मोल आहे.

'कर्तव्य' या नाटकाचे दोन भाग आहेत. पूर्वार्धात राम आणि उत्तरार्धात कृष्ण. राम मर्यादेच्या चौकटीत राहून कर्तव्य करतो आणि त्याची किंमत वैयक्तिक सुखाने चुकवितो. कृष्ण लोकहितासाठी प्रसंगी चौकटच ओलांडतो. एकाच नाटकात दोन अवतारांना समोरासमोर उभे करून लेखकाने नियमपालन आणि नियमभंग यांतील नैतिक अंतर तपासले. कायदेभंगासाठी तुरुंगात बसलेल्या मनुष्याने हा विषय निवडावा, यातच त्याची समकालीनता आहे. रामकृष्णांच्या अलौकिकतेला बाजूस सारून त्यांना माणसांच्या पातळीवर निर्णय घेताना दाखविणे हेही त्या काळात धाडसाचे होते.

'हर्ष' या नाटकात सातव्या शतकातील कनौजचा सम्राट हर्षवर्धन येतो. प्रयागच्या दानसभेत दर पाच वर्षांनी संचित धन वाटून टाकणारा हा राजा गोविंददासांना जवळचा वाटला असल्यास आश्चर्य नाही. बहीण राज्यश्रीच्या हक्काचे राज्य तिच्या नावे चालविणारा आणि सत्तेला विश्वस्तपद मानणारा राजा त्यांनी रंगविला. 'प्रकाश' मात्र समकालीन आहे. सरकारी मानमरातब, उच्चभ्रूंचे ढोंग आणि खेड्यातून शहरात आलेला प्रामाणिक तरुण यांच्यातील संघर्ष त्यात आहे. किताबधारी समाजाचे हे चित्र लेखकाने बाहेरून पाहिलेले नव्हते. त्याच समाजात त्याचा जन्म झाला होता.

'सेवापथ' या नाटकात त्यांनी समाजसेवेचे तीन मार्ग एकमेकांशी ताडून पाहिले : त्यागाचा, संपत्तीचा आणि सत्तेचा. धनाने सेवा करता येते का, राज्ययंत्र हाती घेतल्याने ती अधिक परिणामकारक होते का, की स्वतःला झिजविण्याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे प्रश्न त्यात आहेत. 'गरीबी या अमीरी', 'संतोष कहाँ', 'महत्त्व किसे' यांसारख्या नाटकांची शीर्षकेच लेखकाचा स्वभाव सांगून जातात. संपत्ती आणि समाधान यांचा संबंध काय, ही विचारणा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. संपत्ती कधीच न पाहिलेल्या लेखकाचे असे लेखन उपदेशपर वाटू शकते. येथे मात्र लिहिणाऱ्याने ती पाहिली होती आणि सोडली होती.

कूळ मोठे की कर्तृत्व

जन्माने मिळणारी प्रतिष्ठा हा गोविंददासांचा दुसरा आवडता विषय. 'कुलीनता' हे नाटक त्यांनी आपल्याच भूमीत घडविले. जबलपूरजवळचे आजचे तेवर गाव म्हणजे कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. कलचुरींची सत्ता उतरणीला लागली आणि गढ्याला गोंड राजवंशाचा उदय झाला, त्या संधिकालाची ही कथा आहे. परंपरेने या वंशाचा संस्थापक मानलेला गोंड वीर यदुराय तिचा नायक. पराक्रम आणि निष्ठा असूनही केवळ जन्मामुळे त्याला हीन लेखले जाते आणि अखेर कर्तृत्वाच्या बळावर तो राजपदाला पोहोचतो. पुढे याच वंशाशी राणी दुर्गावतीचे नाव जोडले गेले. मध्य भारतातील आदिवासी राजवंशाला हिंदी नाटकाच्या केंद्रस्थानी आणणारी ही कृती आजच्या वाचकालाही नव्याने वाचावीशी वाटेल.

'कर्ण' या नाटकात तोच प्रश्न महाभारताच्या आश्रयाने येतो. 'शशिगुप्त'मध्ये त्यांनी इतिहासातील एक वादग्रस्त मत स्वीकारले. ग्रीक इतिहासकारांनी उल्लेखिलेला सिसिकोट्टस म्हणजेच शशिगुप्त आणि तोच चंद्रगुप्त मौर्य, असे काही अभ्यासक मानत. हे मत इतिहासकारांत सर्वमान्य झाले नाही, पण भारतीय ऐक्याची कल्पना मांडण्यासाठी नाटककाराला ते उपयुक्त वाटले. 'पाकिस्तान' या नाटकात तर फाळणीचा जळता प्रश्नच त्यांनी हाती घेतला. याशिवाय अशोक, शेरशाह, रहीम, वल्लभाचार्य आणि भारतेंदु हरिश्चंद्र या व्यक्तींवरही त्यांनी नाटके लिहिली.

रचनेतील प्रयोग

विषयांइतकेच गोविंददासांचे रचनाविषयक प्रयोग लक्षणीय आहेत. पाश्चात्त्य रंगभूमीचा त्यांचा व्यासंग मोठा होता. शॉ यांच्याप्रमाणे ते दीर्घ रंगसूचना लिहीत. खोलीतील सामान, पात्राचे वय, वेष आणि चेहऱ्यावरील भाव यांचे तपशील ते बारकाईने देत. एकांकिकेत काळाचे मोठे अंतर दाखविण्यासाठी त्यांनी मुख्य प्रसंगाच्या आधी उपक्रम आणि नंतर उपसंहार जोडण्याची पद्धत वापरली. 'विकास' या स्वप्ननाटकात पृथ्वी आणि आकाश हीच पात्रे होऊन वाद घालतात. सृष्टी उन्नतीकडे जात आहे की चक्राकार फिरत आहे, हा त्यांचा वादविषय.

एकपात्री नाटकांचा 'चतुष्पथ' हा संग्रह त्यांच्या प्रयोगशीलतेचा उत्तम नमुना मानला जातो. यातील नाटकांत एकच पात्र बोलते. समोर असते ती मूक व्यक्ती, मुका प्राणी किंवा निर्जीव वस्तू. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग यांनी 'द स्ट्रॉंगर' या नाटिकेत दोन स्त्रियांपैकी एकीलाच बोलते केले होते. ओ'नील यांच्या १९१६ च्या 'बिफोर ब्रेकफास्ट' या नाटिकेत केवळ पत्नी बोलते आणि पतीचा फक्त हात दिसतो. पाश्चात्त्य रंगभूमीवरील अशा प्रयोगांचा अभ्यास गोविंददासांच्या या लेखनामागे होता. हिंदीत त्या वेळी अशा रचनेला पूर्वपरंपरा जवळजवळ नव्हती. संवादाला जोडीदार नसलेल्या माणसाचे नाटक कारावास भोगलेल्या लेखकाला सुचावे, ही संगतीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

मराठीशी तुलना

हे लेखन रंगमंचापर्यंत का पोहोचले नाही, याचे उत्तर शोधताना मराठी रंगभूमीशी तुलना उद्बोधक ठरते. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले आणि त्यानंतर गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांची घट्ट व्यवस्था तयार झाली. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील राजकीय आशय प्रेक्षकांनी तत्काळ ओळखला आणि सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेर येथे, म्हणजे गोविंददासांच्याच प्रांतात, अवघ्या ३३ व्या वर्षी निधन झाले. तरीही त्यांचे 'एकच प्याला' त्यानंतर काही आठवड्यांतच गंधर्व नाटक मंडळीने उभे केले. लेखक गेला, पण त्याचे नाटक उचलून धरणारी मंडळी, नट आणि प्रेक्षक हजर होते.

हिंदी प्रदेशात ही साखळीच नव्हती. भारतेंदु हरिश्चंद्र १८८५ मध्ये अकाली गेले आणि त्यांनी रुजविलेले रोप वाढले नाही. व्यावसायिक मंच पारशी कंपन्यांच्या हाती होता आणि तेथे भडक देखावे व चमत्कृती यांना मागणी होती. जयशंकर प्रसाद यांच्यासारखा थोर नाटककारही मुख्यतः वाचला गेला. पृथ्वीराज कपूर यांचे पृथ्वी थिएटर १९४४ मध्ये आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत गोविंददासांच्या प्रमुख नाटकांचा काळ उलटून गेला होता. तालमीत नटाने अडखळावे, प्रेक्षागृहात एखादे वाक्य पडावे आणि दुसऱ्या दिवशी लेखकाने ते गाळावे, अशी सुधारणेची संधी त्यांना क्वचितच मिळाली.

याचा परिणाम त्यांच्या लेखनात दिसतो. पात्रे कित्येकदा विचारांची प्रतिनिधी होतात, संवाद युक्तिवादाकडे झुकतात आणि रंगसूचना कादंबरीतील वर्णनासारख्या लांबतात. हिंदी समीक्षकांनी या उणिवा वेळोवेळी दाखविल्या आहेत. तथापि त्या केवळ लेखकाच्या मर्यादा नाहीत. त्या काळातील हिंदी रंगभूमीच्या अभावाच्याही त्या खुणा आहेत. नाटक ही एकट्याने पूर्ण करण्याची कला नव्हे, हे गोविंददासांच्या संपूर्ण नाट्यसंसारातून जाणवते.

त्रिपुरीचे यजमान

१९३९ च्या मार्चमध्ये काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन त्रिपुरीला भरले. ज्या भूमीवर गोविंददासांनी नाटक लिहिले, तेथेच देशाच्या राजकारणातील एक तणावपूर्ण प्रसंग घडला आणि स्वागताध्यक्ष म्हणून ते त्याचे यजमान होते. सुभाषचंद्र बोस हे १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्या यांचा पराभव करून अध्यक्ष झाले होते. गांधीजींना हा निकाल रुचला नव्हता. अधिवेशनाच्या दिवसांत बोस तीव्र तापाने आजारी होते. ५२ व्या अधिवेशनाचे प्रतीक म्हणून ५२ हत्तींची मिरवणूक निघाली, परंतु अध्यक्ष त्यात सहभागी होऊ शकले नाहीत. त्यांची प्रतिमा मिरविण्यात आली. पंतांच्या ठरावाने अध्यक्षांचे हात बांधले गेले आणि एप्रिल अखेरीस बोस यांनी राजीनामा दिला. शहरातील कमानिया गेट आजही या अधिवेशनाची साक्ष देत उभे आहे.

हिंदीचा आग्रह

स्वातंत्र्यानंतर गोविंददासांच्या सार्वजनिक जीवनाचा केंद्रबिंदू भाषा हा राहिला. संविधान सभेत हिंदीला राजभाषा करण्यासाठी पुरुषोत्तमदास टंडन यांच्याबरोबर त्यांनी अथक प्रयत्न केले. संविधान हिंदीतही स्वीकृत व्हावे, देशाचे नाव भारत असावे आणि अंक देवनागरी असावेत, या त्यांच्या भूमिका होत्या. १४ सप्टेंबर १९४९ रोजी तडजोडीचा मसुदा संमत झाला. हिंदी राजभाषा ठरली, मात्र इंग्रजीचा वापर १५ वर्षे चालू राहणार होता आणि अंक आंतरराष्ट्रीय रूपाचे स्वीकारले गेले. ही मुदत संपण्यापूर्वी, १९६३ मध्ये, इंग्रजी पुढेही चालू ठेवण्याची तरतूद करणारे राजभाषा विधेयक आले. सत्ताधारी पक्षाचे ज्येष्ठ सदस्य असूनही गोविंददासांनी त्याच्या विरोधात मत दिले. पक्षशिस्त आणि श्रद्धा यांच्यातील निवड त्यांच्या नाटकांतील नायकांनी अनेकदा केली होती. या वेळी ती लेखकाला संसदेत करावी लागली.

या आग्रहाकडे अहिंदी प्रदेशांतून साशंकतेने पाहिले गेले आणि दक्षिणेत त्याला तीव्र विरोध झाला, हेही इतिहासाचे सत्य आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने यातील एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. जुना मध्य प्रांत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचा होता. नागपूर त्याची राजधानी होती. १८१७ पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते आणि येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी दोन्ही भाषा आपल्या मानल्या. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने विदर्भ आणि महाकोशल वेगळे झाले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी होण्याची जबलपूरची आशा फळाला आली नाही. ती भोपाळला गेली आणि जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले.

उत्तरायुष्य

१९५२ पासून १९७४ पर्यंत गोविंददास लोकसभेचे सदस्य राहिले. सर्वांत ज्येष्ठ सदस्यांपैकी एक म्हणून नव्या लोकसभेच्या प्रारंभी हंगामी अध्यक्षपद भूषविण्याचा मान त्यांना एकाहून अधिक वेळा मिळाला. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषणने गौरविण्यात आले. 'इंदुमती' ही बृहत् कादंबरी, 'आत्मनिरीक्षण' हे तीन भागांतील आत्मचरित्र आणि आफ्रिका, आग्नेय आशिया व जगप्रवासाची वर्णने हे त्यांचे नाट्येतर लेखनही विपुल आहे. कन्या रत्नकुमारी देवी यांनीही साहित्य आणि संसदीय राजकारण या दोन्ही क्षेत्रांत वडिलांचा वारसा चालविला.

१८ जून १९७४ रोजी गोविंददासांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागेवर झालेल्या पोटनिवडणुकीत विरोधकांचे संयुक्त उमेदवार म्हणून तरुण शरद यादव विजयी झाले आणि देशाच्या राजकारणातील बदलत्या वाऱ्याची चाहूल जबलपूरने दिली. स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या पिढीचे एक पर्व या शहरापुरते तेथे संपले.

गोविंददासांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले शहीद स्मारक जबलपूरच्या गोल बाजारात आहे. ब्योहार राममनोहर सिन्हा आणि शांतिनिकेतनच्या कलावंतांनी रंगविलेली भित्तिचित्रे तेथे पाहायला मिळतात आणि त्याच वास्तूत सभागृहही आहे. हरिशंकर परसाई यांच्या या शहरात 'विवेचना'सारख्या संस्थेने गेल्या काही दशकांत हिंदी रंगभूमीची जाणती परंपरा निर्माण केली. म्हणजे गोविंददासांना हवी असलेली सामग्री, नट, दिग्दर्शक आणि प्रेक्षक, आता त्यांच्या गावातच उपलब्ध आहे. त्यांच्या शंभरांहून अधिक नाटकांपैकी किती आज टिकतील, याचा निर्णय ग्रंथालयात होणार नाही. 'कुलीनता'तील गोंड नायक किंवा 'चतुष्पथ'मधील एकटे बोलणारे पात्र एखाद्या दिग्दर्शकाने मंचावर उभे केले, काटछाट केली, चुका काढल्या, तरच तो निर्णय होऊ शकेल. मालमत्ता, सुखासीनता आणि स्वातंत्र्य यांचा त्याग गोविंददासांनी स्वेच्छेने केला होता. रंगमंचाला मात्र त्यांनी स्वेच्छेने पाठ फिरविली नव्हती. तो त्यांना लाभलाच नाही. ही उणीव भरून काढणे अजूनही शक्य आहे.